क्वार्टर पण, भाडं पण? फौजीच्या घरभाड्याची खरी गोष्ट

ज्या सातारा तालुक्यात एका गावाचं नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ आहे, तिथे तरी फौजीच्या पगाराची माहिती पक्की असावी. पण लग्नाची बैठक असो की पारावरच्या गप्पा, एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘फौजीला काय, क्वार्टर फुकट आणि वर घरभाडंही!’

नाही हो. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. सरकारी क्वार्टर ताब्यात आलं की घरभाडे भत्ता बंद. क्वार्टर नसेल, तरच भत्ता. उलट पूर्वी अडचण वेगळीच होती. जवानांच्या बाबतीत घराची भरपाई ठरावीक संख्येतल्या विवाहितांपुरतीच मंजूर असायची. जुने फौजी जिला ‘सीआयएलक्यू’ म्हणतात, ती हीच. संख्येत न बसणाऱ्यांनी बायकोमुलांचं बघायचं कसं, हे ज्याचं त्याने पाहायचं. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने 1 जुलै 2017 पासून ही मर्यादा काढली. म्हणजे ज्याला ‘चैन’ म्हणून हिणवलं जातं, तो भत्ता कित्येकांना मिळतच नव्हता.

आणि रक्कम तरी केवढी? ती गावावर ठरते. पन्नास लाखांवर वस्तीची शहरं ‘एक्स’, पाच लाखांवरची ‘वाय’, बाकी सगळी ‘झेड’. महागाई भत्ता जानेवारी 2024 पासून 50 टक्क्यांवर गेल्याने सातव्या आयोगाचे दर अनुक्रमे 30, 20 आणि 10 टक्के झाले. पुणे एक्समध्ये. 2011च्या जनगणनेत सांगलीच्या नागरी समूहाने पाच लाखांचा आकडा ओलांडला, म्हणून 1 एप्रिल 2014 पासून सांगली वायमध्ये. सातारा मात्र झेडमध्येच. 21,700 रुपये मूळ वेतनाच्या शिपायाला पुण्याच्या दराने 6,510, सांगलीच्या दराने 4,340 आणि साताऱ्याच्या दराने 2,170 रुपये. साताऱ्यात 2,170 रुपयांत दोन खोल्या मिळवून दाखवा, मग बोलू! सांगली जिल्हा म्हणजे सांगली शहर नव्हे, हेही लक्षात ठेवा. तासगाव, विटा, जत झेडमध्येच मोडतात.

‘नवरा सियाचीनला, मग घरभाडं कशाचं?’ असंही विचारलं जातं. फील्डमध्ये कुटुंब नेता येत नाही, म्हणूनच तर. अशा वेळी कुटुंबासाठी राहण्याचं ठिकाण नोंदवता येतं. कुटुंबाला सरकारी निवास मिळाला, तर भत्ता इथेही नाही.

बाकीचे गैरसमज किरकोळ. मिलिटरी सर्व्हिस पे धरून भत्ता काढतात? नाही, फक्त मूळ वेतनावर. भत्ता सगळा करमुक्त असतो? तोही नाही. सूट जुन्या करप्रणालीतच आणि भाडं खरोखर भरत असाल तरच. स्वतःच्या घरात राहत असाल तर सूट नाही. पेन्शनमध्ये धरतात? मुळीच नाही. निवृत्त झाल्यावर भत्ता थांबतो.

तेव्हा मुलीसाठी फौजी स्थळ बघताना घरभाडं आणि क्वार्टर दोन्ही हिशेबात धरू नका. आणि घरात फौजी असेल, तर सांगलीत खोली घेण्याआधी युनिटच्या क्लार्ककडून एवढं विचारून घ्या: आपला पत्ता वायमध्ये येतो की झेडमध्ये?