तळ्याच्या गाळातून उलगडणारा जुना पाऊस

मुळशी तालुक्यात घोटावडे परिसरातील भातखाचरांत दर पावसाळ्यात ओढ्याचे पाणी गाळ आणून टाकते. मोठा लोंढा आला तर भरड वाळू येते, पाणी संथ असले तर मऊ चिकण बसते. हे थर जसेच्या तसे राहिले असते, तर पणजोबांच्या काळचा पाऊसही खाचरात वाचता आला असता. परंतु चिखलणीच्या वेळी आपण ते सर्व ढवळून टाकतो. भातासाठी ते योग्यच. नोंद मात्र पुसली जाते.

जेथे नांगर जात नाही आणि जेथून पाणी वाहून जात नाही, अशा तळ्यात ही नोंद टिकते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे तळे असेच आहे. उल्का आदळून काळ्या पाषाणात झालेला हा खळगा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. पाणी येते ते पावसाचे व झऱ्यांचे, आणि जाते ते मुख्यतः वाफ होऊन. म्हणून पाऊस घटला की तळे आटते व क्षार वाढतात.

जर्मनीतील पॉट्सडॅम येथील भूविज्ञान संशोधन केंद्र आणि भारतीय भूचुंबकत्व संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये तळ्याच्या मध्यभागातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा नमुना नळीने काढला. त्यात सुमारे ११,००० वर्षांचा गाळ होता. गाळात अडकलेल्या काडीकचऱ्यातील किरणोत्सर्गी कर्ब ठराविक गतीने घटत जातो. किती उरला आहे हे मोजून थराचे वय काढतात.

पाऊस कसा ओळखला, हे पाहण्यासारखे आहे. झाडे व गवते यांचे परागकण चिखलात हजारो वर्षे टिकतात. त्यांवरून भोवतालचे रान कळते. पानांवरील मेणाचा अंशही टिकतो. भात, गहू व बहुतेक झाडे हवेतील कर्ब एका पद्धतीने घेतात, तर ज्वारी, मका, ऊस व उष्ण प्रदेशातील बरीच गवते दुसऱ्या पद्धतीने. हा फरक मेणातही उतरतो. सर्वांत बोलकी खूण मात्र गेल्युसाइट या सोडियम व कॅल्शियमयुक्त खनिजाच्या स्फटिकांची. पाणी आटून क्षार फार वाढले की ते तयार होतात.

सुषमा प्रसाद व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा २,००० ते ६०० वर्षांपूर्वी दीर्घकाळ अवर्षणाचे टप्पे आढळले. त्यातील प्रत्येक वर्ष कोरडे होते असे नव्हे; एकेका वर्षाचा हिशेब हा गाळ देत नाही. परंतु पिढ्यान् पिढ्या पाऊस कमी राहू शकतो, हे त्यावरून दिसते. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. आपण ज्याला सरासरी पाऊस म्हणतो तो या थोड्या काळातला आहे, आणि विहिरीच्या भरवशावर बारमाही बाग लावणारा शेतकरी तर आपल्या वीस-तीस वर्षांच्या आठवणीवरच विसंबतो.

लोणारचे आकडे मुळशीला लावू नयेत. सह्याद्रीलगतच्या पावसाची तऱ्हा वेगळी. शिवाय वरच्या थरांत माणसाने केलेल्या जंगलतोडीची खूणही मिसळलेली असू शकते. पुणे जिल्ह्यातच घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सुमारे ३,००० वर्षांपूर्वी मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्याचे दिसले. पाऊस घटल्याने लोक पशुपालनाकडे वळले, असे उत्खननकर्त्यांचे मत होते. हा काळ लोणारच्या दोन टप्प्यांच्या मधला आहे, म्हणून दोहोंची सरळ सांगड घालणे घाईचे होईल.

उन्हाळ्यात आटलेल्या पाझर तलावातील गाळ शेतात नेण्यापूर्वी एका बाजूस उभा काप घेऊन थर पाहावेत. वाळूचे जाड थर शेतात टाकू नयेत. चिकण थराचा नमुना माती परीक्षणासाठी द्यावा, आणि क्षार जास्त निघाल्यास तो गाळ तलावातच राहू द्यावा.