तुळईच्या पोटातले झाड

शिल्पकार निसर्गातून प्रेरणा घेतो असे म्हटले की आपल्याला पाने, शंख, डोंगर यांचे आकार आठवतात. इटलीच्या ज्युसेप्पे पेनोने यांच्या कामापुढे ही कल्पना तोकडी पडते. त्यांचा विषय झाडाचा आकार नाही, झाडाची वाढ आहे. १९६८ साली गारेस्सियो या आपल्या गावाजवळच्या जंगलात त्यांनी आपल्या हाताची धातूत ओतलेली प्रतिकृती एका कोवळ्या खोडाला पकडवून ठेवली. खोड सगळीकडे जाड होत गेले, मुठीपाशी मात्र अडून राहिले. इथे छिन्नी चाललीच नाही. कोरण्याचे काम काळाने केले.

पुढे त्यांनी कारखान्यात चिरलेल्या चौकोनी तुळया हाती घेतल्या. लाकडात गाठ आली की सुतार वैतागतो. पेनोने मात्र गाठींचाच माग काढतात, कारण गाठ म्हणजे फांदीचे बूड, खोडाने वाढता वाढता पोटात घेतलेले. तुळईच्या टोकाला दिसणाऱ्या वलयांपैकी एक निवडायचे आणि त्याच्या बाहेरचे लाकूड पटाशीने काढत जायचे, पण गाठींना हात लावायचा नाही. हळूहळू आतून एक सडपातळ खोड आणि फांद्यांचे खुंट मोकळे होतात. ते वलय पडले त्या वर्षी हे झाड खरोखर एवढेच होते. लंडनच्या टेट संग्रहालयाकडे असे १२ मीटरचे झाड आहे.

झाड आतच होते, मग शिल्पकाराने केले काय, असे कोणी विचारील. दगडात मूर्ती असतेच, फक्त नको तो भाग काढायचा, हे आपण नेहमी ऐकतो. पण त्याच दगडातून गणपती निघतो आणि घोडाही. पेनोने यांना ती मोकळीक नाही. पटाशी जरा खोल गेली की दुसरेच वर्ष लागते. त्यांचे कर्तृत्व निवडीत आहे: कोणते वर्ष आणि थांबायचे कुठे. तुळईचा काही भाग ते मुद्दाम न कोरता ठेवतात. तो नसता तर पाहणाऱ्याला ते नुसते वाळके रोप वाटले असते.

संग्रहालयातले लाकूड आता वाढत नाही, हा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. वेल्समधले शिल्पकार डेव्हिड नॅश यांनी लाकूड संग्रहालयाबाहेर, निसर्गातच सोडण्याचा धोका पत्करला. १९७८ साली ओकचा कोरलेला मोठा गोळा ओढ्यात अडकला, तेव्हा त्यांनी तो तिथेच सोडून दिला. वर्षानुवर्षे तो वाहत खाडीपर्यंत गेला, २००३ च्या सुमारास दिसेनासा झाला आणि २०१३ मध्ये पुन्हा दिसला. माझ्या मते मात्र इथे शिल्पापेक्षा त्याची कहाणीच मोठी झाली.

आणि निसर्गप्रेमासाठी झाडे तोडायची का? हा सवाल रास्त आहे, पण पेनोने यांना तो फारसा लागत नाही. तुळया आधीच चिरलेल्या असतात. टोरोंटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओमधले त्यांचे सीडरचे शिल्प घडले आहे ते डिसेंबर १९९९ च्या वादळात व्हर्सायच्या बागेत उन्मळून पडलेल्या झाडातून.