मोटारगाड्या, अमेरिकी व जपानी

अमेरिकेची संयुक्त संस्थाने व जपान या दोन देशांच्या प्रवासी मोटारगाड्यांचा दर्जा आणि ग्राहकांना वाटणारे त्यांचे आकर्षण यांची तुलना हा केवळ आवडीनिवडीचा विषय नाही. १९७० नंतरच्या काळात या तुलनेच्या निकालावर लक्षावधी कामगारांचा रोजगार व दोन्ही देशांचे व्यापारी संबंध अवलंबून राहिले. दर्जा या शब्दाचा अर्थ दोन्हीकडच्या कारखानदारांनी निरनिराळा केला, हे या विषयाचे मर्म होय. अमेरिकी कारखानदारांच्या दृष्टीने दर्जा म्हणजे गाडीत असलेल्या गोष्टी : ऐसपैस जागा, मोठे एंजिन, मऊ आसने, झगमगीत सजावट. जपानी कारखानदारांनी गाडीत काय बिघडत नाही, यावरून दर्जा मोजला.

अमेरिकी परंपरा : हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली ‘मॉडेल टी’ ही गाडी बाजारात आणली व १९१३ मध्ये हायलंड पार्क येथील कारखान्यात फिरत्या पट्ट्यावरील जुळणी सुरू केली. १९२७ पर्यंत या एकाच नमुन्याच्या सु. दीड कोटी गाड्या तयार झाल्या. पुढे जनरल मोटर्सचे प्रमुख ॲल्फ्रेड स्लोन यांनी प्रत्येक ऐपतीच्या ग्राहकासाठी वेगळी गाडी आणि दरवर्षी नवे रूप हे धोरण रूढ केले. प्रवास सुखाचा करणाऱ्या बऱ्याच सोयी प्रथम अमेरिकी गाड्यांतच आल्या. कॅडिलॅकमधील विजेवर चालू होणारे एंजिन (१९१२), पॅकार्डमधील वातानुकूलन (१९४०), क्रायस्लरमधील शक्तिचलित सुकाणू (१९५१) ही त्याची उदाहरणे होत. १९५९ च्या मोठ्या कॅडिलॅकची लांबी सु. ५·७ मी. आणि एंजिनाची धारणक्षमता सु. ६·४ लि. होती. मागील बाजूस असलेल्या माशाच्या परांसारख्या उंच पात्यांचा वाहन चालविण्याच्या दृष्टीने काहीच उपयोग नव्हता. पेट्रोल स्वस्त, रस्ते रुंद व सरळ आणि अंतरे मोठी अशा देशात ही गाडी शोभून दिसे, हेही नाकारता येत नाही. १९६४ साली आलेल्या फोर्ड मस्टँगच्या पहिल्या वर्षात चार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. अशा गाडीविषयी वाटणारी ओढ बिनबिघाडीच्या हिशेबात मावणारी नव्हती.

जपानी गाड्यांचा प्रारंभ : जपानी गाडीचा अमेरिकेतील पहिला प्रवेश फसला. टोयोटाने १९५७ मध्ये अमेरिकेत विक्रीसंस्था स्थापन केली. १९५८ मध्ये ‘टोयोपेट क्राउन’ या नमुन्याच्या अवघ्या २८७ गाड्या खपल्या. जपानच्या खडबडीत रस्त्यांवर टिकणारी ही जड गाडी अमेरिकी महामार्गावरील सलग वेगाला पुरी पडत नसे व तिचे एंजिन तापे. प्रवासी गाड्यांची निर्यात थांबवून कंपनीने तिच्या आराखड्याचा फेरविचार केला आणि १९६५ च्या सुमारास ‘कोरोना’, तर १९६८ मध्ये ‘कोरोला’ अमेरिकेत पाठविली. निसानची ‘डॅटसन ५१०’ याच सुमारास तेथे आली. या गाड्याही निर्दोष नव्हत्या. बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ पसरतात अशा राज्यांत त्यांचे पातळ पत्रे लवकर गंजत. परंतु त्या थंडीत सकाळी हमखास चालू होत व दुरुस्तीसाठी क्वचितच न्याव्या लागत.

उत्पादनपद्धती : जपानी गाडीच्या विश्वासार्हतेचे मूळ तेथील कामगाराच्या स्वभावात शोधण्याची प्रथा पडली असली, तरी ती समजूत तितकीशी खरी नाही. हे मूळ उत्पादनपद्धतीत होते आणि तिचा काही भाग अमेरिकेतूनच आलेला होता. जपानी शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघाच्या निमंत्रणावरून अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानात सांख्यिकीय गुणवत्ता-नियंत्रणावर व्याख्याने दिली. १९५१ पासून त्यांच्या नावाचे पारितोषिक तेथे देण्यात येऊ लागले. निसानला ते १९६० मध्ये व टोयोटाला १९६५ मध्ये मिळाले. खुद्द अमेरिकेत मात्र त्या काळी मोटार-कारखानदारांनी डेमिंग यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

दुसरा धागा मागाचा आहे. टोयोटाच्या संस्थापक घराण्यातील साकिची टोयोडा यांनी तयार केलेला यंत्रमाग सूत तुटताच आपोआप थांबे. त्यामुळे सदोष कापड विणलेच जात नसे. ताइइची ओनो यांनी हेच तत्त्व मोटारींच्या जुळणीस लागू केले. दोष दिसताच जुळणीपट्ट्यावरील कोणाही कामगाराने दोरी ओढून साहाय्य मागावे व दोष तेथेच दूर न झाल्यास पट्टा थांबवावा, असा नियम झाला. अमेरिकी कारखान्यात पट्टा थांबविणे हा अपराध मानला जाई. सदोष गाडी तशीच पुढे जाई आणि अखेरीस दुरुस्ती विभागात तिची डागडुजी होई. सुट्या भागांच्या साठ्याबाबतही असाच भेद होता. कित्येक दिवस पुरेल एवढा साठा हाताशी असला, की सदोष भाग बाजूला टाकून दुसरा घेता येतो व दोषाचे कारण शोधण्याची निकड राहत नाही. जेव्हा लागेल तेव्हाच, लागेल तेवढाच भाग आणावयाचा म्हटले, की प्रत्येक भाग निर्दोष असावाच लागतो. काटकसरीसाठी अवलंबिलेल्या या रीतीतून दर्जाही सुधारत गेला.

१९७३ नंतरचा पालट : १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा अधिनियमाने मोटारींच्या धुरावर कडक मर्यादा घातल्या. अमेरिकी कंपन्या त्या अव्यवहार्य असल्याचे सांगत असतानाच होंडाने आपल्या ‘सिव्हिक’ गाडीचे एंजिन उत्प्रेरकी शोधकाविना त्या मर्यादेत बसवून दाखविले. ऑक्टोबर १९७३ मधील अरब देशांच्या तेलबंदीनंतर आणि पुन्हा १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या व लहान गाडीची मागणी एकदम वाढली. १९७५ च्या अधिनियमानुसार १९८५ पर्यंत नव्या गाड्यांची सरासरी लिटरमागे सु. ११·७ किमी. पर्यंत नेणे आवश्यक झाले. अमेरिकी कंपन्यांच्या लहान गाड्या घाईने तयार झाल्या होत्या. शेव्हर्ले ‘व्हेगा’चे ॲल्युमिनियमचे एंजिन लवकर झिजे, तर फोर्ड ‘पिंटो’ची इंधनटाकी मागून धडक बसल्यास पेटण्याचा धोका असल्याने १९७८ मध्ये सु. पंधरा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. लहान गाडी म्हणजे हलक्या प्रतीची गाडी, हे समीकरण कारखानदारांच्या मनात होते. ग्राहकाने ते स्वीकारले नाही.

१९८० साली मोटार वाहनांच्या एकूण उत्पादनात जपानने अमेरिकेला मागे टाकले. त्याच काळात क्रायस्लर कंपनीला दीड अब्ज डॉलरच्या कर्जासाठी सरकारी हमी घ्यावी लागली. मिशिगन राज्यात बेकारी वाढली व रोष जपानविरुद्ध वळला. जून १९८२ मध्ये डिट्रॉइटजवळ मोटार-उद्योगातील दोघांनी व्हिन्सेंट चिन या तरुणाला बेदम मारले व त्यात त्याचा मृत्यू झाला. तो जपानी नव्हे, तर चिनी वंशाचा अमेरिकी होता. आरोपींना तुरुंगवास घडला नाही. डिट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये सु. १८·५ लाख होती, ती २०२० मध्ये ६·४ लाखांवर आली. मात्र ही घसरण १९५० नंतरच्या दशकातच, म्हणजे जपानी गाड्यांचा लोंढा येण्यापूर्वी सुरू झालेली होती.

१९८१ मध्ये जपानने अमेरिकेस होणारी निर्यात ‘स्वेच्छेने’ वर्षाला १६·८ लाख गाड्यांपुरती मर्यादित केली. संख्या ठरलेली असल्याने जपानी कंपन्या अधिक महाग व अधिक सोयींच्या गाड्या पाठवू लागल्या. होंडाने १९८२ मध्ये ओहायओ राज्यात ‘ॲकॉर्ड’ची निर्मिती सुरू केली. १९८९ मध्ये लेक्सस व इन्फिनिटी ही नावे श्रीमंती गाड्यांच्या बाजारात उतरली. संरक्षणासाठी बांधलेल्या भिंतीने प्रतिस्पर्ध्याला वरच्या मजल्यावर चढण्यास शिडी पुरविली, असे म्हणणे अवाजवी होणार नाही.

फ्रीमाँटचा प्रयोग : कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी व तंट्यांसाठी कुप्रसिद्ध होता व तो १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांशी जुनेच व संघटनाही तीच होती, पद्धत मात्र टोयोटाची होती. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या अभ्यासात एका गाडीच्या जुळणीस जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात ३१ तास, टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात १६ तास व फ्रीमाँटला १९ तास लागत असल्याचे आढळले. शंभर गाड्यांमागील दोष फ्रेमिंगहॅमला सु. १३०, तर उरलेल्या दोन्ही ठिकाणी ४५ होते. पुढे याच कारखान्यात टोयोटा ‘कोरोला’ आणि ‘जिओ प्रिझम’ या अमेरिकी नावाची जवळजवळ तशीच गाडी तयार होऊ लागली. तरीही ग्राहक कोरोलालाच अधिक पसंती देत आणि जुनी झाल्यावरही तिला अधिक किंमत येई. दर्जा सुधारला, तरी गमावलेला विश्वास सावकाशच परत येतो, हे यावरून दिसते.

आकर्षणाच्या मर्यादा : जपानने १९७८ मध्ये मोटारींवरील आयातशुल्क रद्द केले, तरी तेथे अमेरिकी गाड्या फारशा खपल्या नाहीत. जपानात वाहने डाव्या बाजूने चालतात, गल्ल्या अरुंद आहेत आणि ६६० घ. सेंमी. पर्यंतच्या एंजिनाच्या लहान गाड्यांना सवलती आहेत. उलटपक्षी, अमेरिकेत मालवाहू ‘पिकअप’ गाड्यांवर १९६४ पासून २५ टक्के आयातशुल्क असून या क्षेत्रात अमेरिकी कंपन्यांचे वर्चस्व टिकून राहिले. प्रशस्तपणा व ताकद हे जुने अमेरिकी गुण तेथे खरोखरच उपयोगी पडतात. फोर्डने तर २०१८ मध्ये मस्टँगखेरीज आपल्या बहुतेक साध्या प्रवासी गाड्या अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्याचे जाहीर केले. जपानी नावाचे तेजही अबाधित राहिले नाही. टोयोटाला २००९-१० मध्ये लक्षावधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, तर ताकाता कंपनीच्या सदोष हवापिशव्यांमुळे माणसे दगावली व ती कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोर झाली. टोयोटाच्या ‘प्रियस’ने (१९९७) संमिश्र इंधनप्रणाली रूढ केली. पूर्णतः विजेवरील गाड्यांत मात्र टेस्ला या अमेरिकी कंपनीने आघाडी घेतली. फ्रीमाँटचा कारखाना २०१० पासून तिच्याकडेच आहे.

भारत : जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात प्रारंभी क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज व प्लिमथ गाड्या तयार होत. भारतातील मध्यमवर्गाच्या दारात गाडी उभी केली, ती मात्र सुझुकीच्या सहकार्याने डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या ७९६ घ. सेंमी. च्या ‘मारुती ८००’ या जपानी धर्तीच्या छोट्या गाडीने. तळेगाव येथील जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस बंद पडला आणि पुढे तो ह्युंदाई या कोरियन कंपनीने घेतला.