विश्लेषण : पाइपच्या तंबाखूची ‘वडी’ का करतात?

पाइपचा तंबाखू नेहमी चुऱ्याच्या डब्यातच मिळतो असे नाही. तो घट्ट वडीच्या रूपातही येतो. तिला ‘प्लग’ म्हणतात. इंग्लंडमधील केंडल हे गाव त्यासाठी ओळखले जाते. तिथल्या सॅम्युएल गॅविथ कंपनीची स्थापना १७९२ची.

प्लग कसा तयार होतो?
पाने थरावर थर रचून यंत्रात दाबतात, अनेकदा उष्णताही देतात. ओढणारा सुरीने वडीचे काप काढतो, बोटांनी चुरतो आणि पाइपमध्ये भरतो.

चव वेगळी का?
दाब आणि उष्णतेमुळे पान गडद होते, उग्रपणा उतरतो. व्हर्जिनिया पानात साखर अधिक, त्यामुळे सुक्या मेव्यासारखा गोडसर वास येतो. घट्ट वडीत ओलावाही टिकतो. जाड काप सावकाश जळतो, बारीक चुरा पटकन पेटतो. म्हणजे एकाच वडीची चव कापण्यावरही ठरते.

मग धोका कमी होतो का?
नाही. सौम्य होते ती चव. निकोटिन आणि धुरातील कर्करोगकारक घटक राहतातच. पाइपचा धूर अनेक जण छातीत ओढत नाहीत, तरीही तोंड, घसा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही.