थकबाकीत अडकलेले मत

शिक्षा भोगून झालेल्या गुन्हेगाराला मताधिकार परत द्यावा काय, यावर अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने नोव्हेंबर 2018 मध्ये थेट मतदारांचाच कौल घेतला. घटनादुरुस्तीस 60 टक्के मते आवश्यक होती. 64 टक्क्यांहून अधिक मिळाली. खून व लैंगिक गुन्हे वगळता गंभीर गुन्ह्यांतील सुमारे 14 लाख दोषींना मतदारयादीची वाट मोकळी होईल, असा अंदाज होता.

जनतेने दिलेले विधिमंडळाने 2019 मध्ये बरेचसे काढून घेतले. न्यायालयाने ठोठावलेला दंड, शुल्क आणि नुकसानभरपाई चुकती झाल्याखेरीज शिक्षा पूर्ण झाली असे मानायचे नाही, असा कायदा रिपब्लिकन बहुमताने केला. गंमत अशी, की कोणाकडे किती थकले आहे याची एकत्रित नोंद खुद्द सरकारकडेच नव्हती. मे 2020 मध्ये संघीय न्यायालयाने, ऐपत नसलेल्यांपुरती ही अट घटनाबाह्य ठरवली. सप्टेंबरमध्ये अपील न्यायालयाने 6 विरुद्ध 4 मतांनी तो निर्णय फिरवला. येणे ठाऊक नसलेल्या धनकोने ऋणकोचे मत तारण ठेवावे, असाच हा व्यवहार आहे.

भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 62(5) तुरुंगाच्या दाराशी थांबते. सुटून आलेला कैदी एरवी मत देऊ शकतो. दंडाची पावती कोणी मागत नाही. मात्र दोष सिद्ध न झालेला कच्चा कैदी आत असेपर्यंत मताला मुकतो, आणि 2013 च्या दुरुस्तीनंतर त्याच कोठडीतून तो उमेदवारी अर्ज भरू शकतो.