निकालाआधी पट वाचा

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या फाटकावर फलक झळकतो: इतके बसले, इतके पास, निकाल इतके टक्के. लोक शेवटचा आकडा वाचतात आणि शाळा चांगली की वाईट ते ठरवून मोकळे होतात. भांडुप आणि मुलुंडच्या मधल्या नाहूरसारख्या भागात महापालिकेची छोटी माध्यमिक शाळा असेल, तर हा आकडा फार जपून वाचायला हवा. वर्गात २५ मुलं असतील तर एक मूल म्हणजे ४ टक्के. एकाला ऐन मार्चमध्ये कावीळ झाली आणि एकीला परीक्षेच्या तोंडावर गावी नेलं, आणि दोघंही नापास झाली, की १०० टक्क्यांचा निकाल ९२ वर येतो. शिकवणं तसूभरही बदललेलं नसतं. तीनशे मुलांच्या शाळेत हीच दोन मुलं एक टक्काही हलवत नाहीत. म्हणून छोट्या शाळा यादीच्या अगदी वर दिसतात, तशा अगदी तळाशीही दिसतात. अमेरिकेत वरच्या यादीतल्या छोट्या शाळा पाहून ‘लहान शाळाच चांगल्या’ असा समज झाला आणि मोठ्या शाळा फोडून लहान करण्यावर अफाट पैसा खर्च झाला. तळाच्या यादीतही लहान शाळाच जास्त आहेत, हे संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी २००७ मध्ये आकड्यांनिशी दाखवून दिलं.

मग शाळेबद्दल खरं कळायचं कुठून? माझं उत्तर आहे, दाखल-खारीज रजिस्टरातून. ही जाडजूड वही प्रत्येक शाळेच्या कपाटात असते. मुलाचं नाव, आईचं नाव, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण आणि शेवटी शेरा, असे तिचे रकाने. नाहूरचा गेल्या काही दशकांचा इतिहास या रकान्यांत उतरतो. इथल्या गाव रस्त्यावर सिएटचा टायरचा कारखाना, लालबहादूर शास्त्री मार्गाला लागून कारखान्यांची रांग, आणि त्यांच्या आधाराने भांडुपच्या टेकडीवर चढत गेलेल्या कामगार वस्त्या. पुढे बरेच कारखाने बंद पडले. त्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, २००६ मध्ये नाहूर स्टेशन सुरू झालं, गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बाजूने घरांचे भाव चढले. टॉवरमधली मुलं पालिकेच्या शाळेत येत नाहीत, ती सीबीएसई नाहीतर आयसीएसईच्या बसमध्ये चढतात. पालिकेच्या पटावर राहतात ती घरकामाला जाणाऱ्या बाईची, नाक्यावर उभं राहणाऱ्या मजुराची, रिक्षा चालवणाऱ्याची मुलं. मराठी माध्यमाच्या वर्गातही मातृभाषेच्या रकान्यात मराठीखेरीज दुसऱ्या भाषा सापडतात. परिसर श्रीमंत होत गेला आणि त्याच परिसरातल्या सरकारी शाळेचा पट गरीब होत गेला, ही गोष्ट निकालाच्या फलकावर कुठेच लिहिलेली नसते.

मुलांची परिस्थिती निकालात किती उतरते, याचा पुरावा मुंबईतच आहे. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढून टाकले आणि राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. त्या वर्षी मुंबई महापालिकेच्या शाळांचा निकाल ५३ टक्क्यांच्या आसपास होता. २०२० मध्ये ते गुण परत आले. राज्य ९५.३० टक्क्यांवर गेलं आणि पालिकेच्या शाळा ९३ टक्क्यांवर. एका वर्षात २४ टक्क्यांचं अंतर जेमतेम दोनवर आलं. करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी गुण दिले गेले, त्याचाही हात होताच, आणि शिक्षकांनी मेहनत घेतली असेल तर तीही मान्य. पण एवढी उडी फक्त शिकवण्यातून येत नाही. अंतर्गत तोंडी परीक्षेत २० पैकी १५ मिळाले तर लेखी ८० पैकी २० पुरतात. तोंडी नसेल तर कागदावरच ३५ मिळवायचे. ज्या घरात शिकवणी आहे, अभ्यासाला वेगळी खोली आहे, तिथलं मूल पास-नापासाच्या काठापासून लांब असतं. काठावर उभी असलेली मुलं पालिकेच्या वर्गात जास्त. पद्धत जरा सरकली की तीच आधी घसरतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: परिस्थितीचं नाव पुढे करून शाळेला सूट द्यायची का? गरिबाच्या मुलाकडून कमी अपेक्षा ठेवणं हाही अन्यायच. आक्षेप रास्त आहे. पण पट वाचायचा तो सूट देण्यासाठी नव्हे. १९६६ च्या अमेरिकेतल्या कोलमन अहवालाने शाळेच्या साधनांपेक्षा घरची परिस्थिती गुणांवर जास्त परिणाम करते असं मांडलं, तेवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याच अहवालात असंही होतं की शाळेच्या दर्जाचा फरक वंचित मुलांनाच जास्त पडतो. ज्याच्या घरी शिकवायला कोणी नाही, त्याला वर्गातला शिक्षक हाच सगळा आधार. म्हणून अशा शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी राहणं हा मोठ्या शाळेतल्यापेक्षा कितीतरी गंभीर गुन्हा आहे. आणि पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवणाऱ्या संचमान्यतेचा हिशेब नेमका उलटा चालतो: पट घटला की शिक्षक घटतात, मग राहिलेल्यांनी न शिकलेला विषय शिकवायचा.

दुसरा आक्षेप: मग अशा छोट्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन का करू नयेत? मोठ्या पटात टक्केवारी स्थिर दिसेल, यात शंका नाही. कच्ची मुलं सरासरीत झाकली जातील. पण नाहूरला मधून रेल्वे जाते आणि शास्त्री मार्गावर दिवसभर अवजड वाहनं असतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची शाळा रुळांच्या पलीकडे गेली, की घरचे आधी तिच्या जाण्यायेण्याचा विचार करतात.

तिसरा मुद्दा शंभर टक्के निकालाच्या शाळांचा. त्यांतल्या अनेकांचं यश खणखणीत आहे. तरीही नववीत किती जण होते, हे विचारल्याशिवाय मी तो आकडा स्वीकारणार नाही. कच्च्या मुलाला नववीतच अडकवायचं, किंवा पालकांना बोलावून ‘१७ नंबरचा फॉर्म भरा’ म्हणून समजवायचं, ही वाट शिक्षणक्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. तो फॉर्म भरला की मूल खासगी विद्यार्थी होतं आणि शाळेच्या निकालातून बाहेर पडतं. जी शाळा असं करत नाही, कच्च्या मुलालाही हॉलतिकीट देऊन बाकावर बसवते, तिचा निकाल ८० टक्के लागला तर ती मला जास्त प्रामाणिक वाटते.

फलकावर आणखी दोनच आकडे लिहायला लावा: नववीच्या जूनमध्ये पटावर किती होते आणि त्यांतले दहावीच्या परीक्षेला किती बसले. यासाठी वेगळा सर्व्हे नको, नवं पोर्टल नको. जूनमध्ये ३० आणि मार्चमध्ये २४ असतील, तर मधल्या सहा जणांची नावं त्याच रजिस्टरात आहेत. समोर कारण लिहिलेलं असतं: ‘परगावी’, ‘सतत गैरहजर’. शेऱ्याचा रकाना बहुतेक वेळा कोरा असतो.