माऊस खाली ठेवल्यानंतरची कारकीर्द

ई-स्पोर्ट्समध्ये करिअर होते का, हा प्रश्न आता युवक शिबिरांत आम्हाला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्क्रीनपुढे बसलेला खेळाडू आणि बक्षिसाचा आकडा असतो. तोच खेळाडू पुढे तिशीत काय करतो, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून आज अशा एका माणसाची माहिती देत आहोत, ज्याचे खरे नाव झाले ते खेळणे थांबवल्यावर. डेन्मार्कचे डॅनी सोरेन्सेन. या क्षेत्रात त्यांना 'झोनिक' म्हणतात.

झोनिक यांचा जन्म १९८६ चा. खेळ काउंटर-स्ट्राइक. पाच विरुद्ध पाच, एक संघ बॉम्ब लावणार, दुसरा अडवणार. या खेळाच्या जुन्या, १.६ आवृत्तीच्या काळात ते एमटीडब्ल्यू या संघातून खेळले. चांगले खेळाडू होते, पण खेळाडू म्हणून मिळालेले यश पुढच्या यशासमोर लहान वाटते.

२०१६ च्या सुरुवातीला अस्ट्रालिस हा डॅनिश संघ उभा राहिला आणि झोनिक त्याचे प्रशिक्षक झाले. मुले गुणी होती, पण मोठ्या सामन्यात ऐनवेळी कच खायची. एवढी की लोकांनी त्यांची टर उडवायला सुरुवात केली होती. संघाने मिया स्टेलबर्ग या फिनिश क्रीडा-मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली. आपल्याकडे मानसोपचार म्हटले की लोक दबकून बोलतात. तिथे तो तयारीचा भाग झाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खेळाची मालक कंपनी वाल्व्हने एक नियम आणला. तोवर प्रशिक्षक सामना चालू असताना हेडफोनवरून सतत सूचना देऊ शकत असे. काही संघांत तर तोच सहावा खेळाडू होऊन बसला होता. नव्या नियमाने त्याचे तोंड बंद केले. सामन्याआधीचा सराव, मध्यंतर आणि तीस-तीस सेकंदांचे चार टाइम-आउट, एवढ्याच वेळात बोलायचे. अनेकांना वाटले, आता प्रशिक्षकाचे महत्त्व संपले. आमच्या मते उलट झाले. जे सांगायचे ते आधीच मुलांच्या अंगी भिनवावे लागले. प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या सामन्यांची रेकॉर्डिंग तासन् तास पाहायची, त्यांच्या सवयी टिपायच्या, धुराचे बॉम्ब कुठून आणि कोणत्या क्षणी टाकायचे हे घोटून घ्यायचे. तीस सेकंदांत काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, हेही ठरवावे लागे. हरणाऱ्या मुलाला पाच चुका सांगून उपयोग नसतो, हे शिबिर चालवणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला पटेल.

नियम येऊन पाच महिने होतात तोच, जानेवारी २०१७ मध्ये अटलांटा येथे अस्ट्रालिसने पहिली मेजर जिंकली. मेजर म्हणजे या खेळातील सर्वोच्च स्पर्धा. नंतर सप्टेंबर २०१८ मध्ये लंडन, मार्च २०१९ मध्ये कातोवित्से, सप्टेंबर २०१९ मध्ये बर्लिन, सलग तीन. डिसेंबर २०१९ मध्ये संघाची कंपनी कोपनहेगनच्या शेअर बाजारात उतरली. गुंतवणूकदार आले की निकालाची सक्तीही येते, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

मग २०२० उजाडले. मे महिन्यात कर्णधार ग्लेव्ह आणि पाठोपाठ झिपेक्स यांनी ताण व थकव्यामुळे रजा घेतली. जगज्जेत्या संघाचे दोन खेळाडू खुर्चीतून उठले, आणि प्रशिक्षकाला उरलेल्यांना घेऊन बदली खेळाडूंसह खेळावे लागले. त्याच सप्टेंबरात आणखी मोठा हादरा बसला. खेळातील एका बिघाडामुळे प्रशिक्षकाला प्रतिस्पर्ध्याच्या हालचाली गुपचूप पाहता येत होत्या. त्याचा फायदा घेतल्याबद्दल ३७ प्रशिक्षकांवर बंदी आली. झोनिक त्या यादीत नव्हते. पुढची दारे उघडी राहण्यात याचा वाटा नक्कीच आहे.

२०२२ मध्ये ते फ्रान्सच्या व्हिटॅलिटी संघाकडे गेले. इथे काम अवघड झाले. अस्ट्रालिसमध्ये सगळे डॅनिश बोलत. इथे फ्रेंच, डॅनिश आणि नंतर एक इस्रायली खेळाडू, म्हणून सगळा कारभार इंग्रजीत. मे २०२३ मध्ये पॅरिसची मेजर या संघाने जिंकली. प्रशिक्षक म्हणून झोनिक यांची ती पाचवी. त्यानंतर ते सौदी अरेबियाच्या फाल्कन्स संघात गेले.

भारतात डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता देऊन ते क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम वेगळे. २०२५ च्या कायद्याने त्यांवर बंदी घातली आहे. वस्तीतील पालक दोन्हींना एकच समजतात, त्यांना हा फरक आपणच सांगितला पाहिजे. आणि ज्या मुलाची बोटे उत्तम चालतात पण संघात निवड होत नाही, त्याला रेकॉर्डिंग पाहून टिपणे काढायला लावा. विश्लेषक आणि प्रशिक्षक याच कामातून तयार होतात. सोबत इंग्रजी बोलण्याचा सराव करून घ्या. गेमिंग सोडले तरी तो वाया जात नाही.